लेझरचा ठिपका फिरवायचा: रिमोटने की फोनने?

भिंतीवर लेझरचा ठिपका फिरवायला दोन एसजी९० सर्वो (सांगितल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरी), पॅन-टिल्टची (आडवी-उभी वळणारी) प्लॅस्टिकची चौकट, लाल लेझर मॉड्यूल आणि अर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड, इथपर्यंत कोणाचं दुमत नसतं. गाडी अडते ती हुकूम कशातून द्यायचा यावर. २१ बटनांचा आयआर (इन्फ्रारेड) रिमोट, की एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल लावून फोन? दोन्ही चालतात. म्हणूनच ठरवणं अवघड.

पॉवरचं आधी उरकून टाकू, ते दोन्हीकडे सारखंच आहे. सर्वो उनोच्या ५ व्होल्टवर टाकू नका. दोन्ही एकदम हलले की बोर्ड रिसेट होतो. त्यांना ५ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा अ‍ॅडॉप्टर द्या, सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि ग्राउंड मात्र एकच ठेवा. लेझर थेट पिनवर न घेता बीसी५४७ ट्रान्झिस्टरमधून घ्या, बेसला १ किलोओहमचा रेझिस्टर. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर पिन ५ किंवा ६ वापरा, कारण ९-१० चं पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने चालू-बंद करून उजेड बदलण्याची सोय) सर्वोची लायब्ररी (तयार कोड) घेते आणि ३-११ चं आयआरची.

ब्लूटूथच्या बाजूने बोलायचं तर जोडणी सुटसुटीत. फक्त फोनचं ऐकायचं असेल तर एचसी-०५ चं आरएक्स (डेटा घेणारी पिन) जोडायचीच गरज नाही, त्यामुळे उनोचे ५ व्होल्ट तिच्यासाठी ३.३ वर आणायची भानगडही नाही. त्याचं टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) मात्र उनोच्या पिन ० वरच घ्या. दुसऱ्या पिनसाठी लागणारी सॉफ्टवेअर सीरियल लायब्ररी अक्षर घेताना इंटरप्ट (हातातलं काम थांबवून दुसरं करायला लावणारे इशारे) अडवून धरते, तेवढ्यात सर्वोचा पल्स (त्याला कोन सांगणारा सिग्नल) लांबतो आणि ठिपका थरथरतो. कोड चढवताना ती वायर काढायची, नाहीतर अपलोड अडकतं. पडद्यावरच्या जॉयस्टिकने ठिपका तिरका नेता येतो, हे रिमोटला जमत नाही. एका वेळी एकच बटन. आयफोनवाल्यांना मात्र एचसी-०५ चालत नाही, त्यांना एचएम-१० मॉड्यूल घ्यावं लागेल.

आयआरची दुखणी जास्त, हे कबूल. आयआर लायब्ररी दर ५० मायक्रोसेकंदांनी इंटरप्ट मारते, तिथेही सर्वोचा पल्स डगमगतो. एसजी९० ला १० मायक्रोसेकंद म्हणजे साधारण १ अंश, आणि ५ मीटरवरच्या भिंतीवर १ अंश म्हणजे जवळजवळ ९ सेंटिमीटर. पण याला सोपा उपाय आहे: हालचाल थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी सर्वो डिटॅच करा, म्हणजे त्याचा सिग्नल बंद करा. लेझरचं डोकं इतकं हलकं असतं की गिअरच्या घर्षणावरच ते जागेवर राहतं.

एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरवर आलं की रेंज निम्म्यावर येते. इलेक्ट्रॉनिक चोकची जुनी ट्यूबही त्रास देते. रिसीव्हर फिरत्या डोक्यावर नको, खालच्या स्थिर पाट्यावर, आपल्याकडे तोंड करून बसवा. त्याच्या सप्लायला १०० ओहमचा रेझिस्टर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आणि कोडमध्ये रिमोटचा अ‍ॅड्रेस तपासा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या रिमोटने ठिपका हलायला नको.

एवढं असूनही मी रिमोटकडे झुकतो, आणि कारण अगदी क्षुल्लक वाटेल. फोनवर बाण काचेवर काढलेला असतो. नजर भिंतीवरच्या ठिपक्यावर हवी, पण अंगठा घसरला की खाली बघावं लागतं. वर बघेपर्यंत ठिपका पुढे गेलेला. मग उलटा बाण, पुन्हा खाली नजर. कोड कितीही सुधारला तरी हे जात नाही. व्हॉल्यूमच्या बटनांना काम देता येईल, पण ती दोनच, आणि त्यासाठी अ‍ॅप स्वतः लिहावं लागेल. रिमोटवर मधल्या बटनावर नेलपॉलिशचा एक थेंब वाळवला की अंधारातही अंगठ्याला घर सापडतं. गणपतीच्या देखाव्यापुढे उभं राहून काही दाखवायचं असेल तर हा फरक फार जाणवतो.

शिवाय एनईसी या कोडपद्धतीचा रिमोट बटन दाबून धरलं की दर १०८ मिलिसेकंदांनी रिपीट कोड पाठवतो. याचा फायदा घ्या: शेवटच्या कोडनंतर १ सेकंदात लेझर बंद. रिमोट हातातून पडला, कोणी आडवं आलं, तरी लेझर आपोआप विझतो. फोनचं कनेक्शन तुटलं तर मात्र शेवटचा हुकूम तसाच राहतो. तिथे ठरावीक वेळाने फोनकडून खूण येत राहील अशी सोय आणि टाइमआउट वेगळा लिहावा लागतो. नेटवरच्या जुन्या कोडमध्ये रिपीट म्हणजे आठ एफ (FFFFFFFF) असतात, नव्या लायब्ररीत त्यासाठी वेगळा फ्लॅग (खूण) आहे. दोन्हींची सरमिसळ केली तर ठिपका एक पाऊल टाकून थांबतो. पाऊल १० मायक्रोसेकंदांचं ठेवा, आठ रिपीटनंतर ३० करा.

मोठ्या हॉलमध्ये, भिंतीआडून चालवायचं किंवा तिरक्या रेषा काढायच्या असतील तर ब्लूटूथ घ्या, माझा आग्रह नाही. टिल्टची वरची मर्यादा मात्र कोणत्याही पर्यायात कोडमध्येच बांधा आणि गच्चीवर नेऊ नका. ५ मिलिवॅटचा ठिपकाही रात्री वैमानिकाचे डोळे दिपवतो, आणि आपल्याकडे नाशकात गांधीनगरची लष्करी हेलिकॉप्टरं आणि ओझरची विमानं दोन्ही आहेत.

रिमोट घेतलात तर रिसीव्हरचा नंबर वाचून जोडा. घुमट आपल्याकडे धरला की टीएसओपी१७३८ च्या पिना डावीकडून ग्राउंड, सप्लाय, आउट. व्हीएस१८३८बी च्या आउट, ग्राउंड, सप्लाय. एकाच्या जागी दुसरा तसाच खोचला की तो बोटाला चटका देतो.