स्कॉर्पिओ-एनच्या मागे जनरेटरचा ट्रेलर: काटोल ते भिवापूर, अकरा महिन्यांचा अनुभव

आमची शेती दोन टोकांना. संत्र्याची बाग काटोलच्या पुढे, मिरची आणि कापूस भिवापूरकडे, घर मात्र नागपुरात. शेतीच्या फीडरवर वीज मोजकेच तास, त्यातही कधी रात्रपाळी. एप्रिल-मेच्या उन्हात आंबिया बहाराला पाण्याचा ताण बसला की फळगळ सुरू होते, म्हणून दोन्ही शेतांत मिळून २० केव्हीएचा एक जनरेटर घेतला. साडेसात एचपीची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचते, त्याहून लहान घेऊन भागत नाही.

तो इकडून तिकडे न्यायचा कसा, हा खरा प्रश्न. ट्रॅक्टरने नेला तर अख्खा दिवस रस्त्यातच जातो. पिकअपमध्ये न्यायचा म्हटलं तर चढवायला हायड्रा (क्रेन), उतरवायला हायड्रा, आणि पांदण रस्त्यात हायड्रा येत नाही. दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवला की शेतात सोडून गाडी मोकळी. कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. ते सगळं रीतसर केलं.

मग ओढणारी गाडी शोधायला निघालो, तेव्हा बाजार किती रिकामा झालाय ते कळलं. सफारी स्टॉर्मचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ४०० न्यूटन-मीटर होता, ती २०१९ मध्ये बंद झाली. आजची सफारी चांगली आहे, पण तिला वेगळी चेसिस नाही आणि ताकद पुढच्या चाकांना जाते. ट्रेलरचा भार मागच्या टोकावर बसला की पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे नेमकी ओढणारी चाकंच पकड सोडतात. एन्डेव्हर माझ्या मनात पहिल्या क्रमांकावर होती, पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. पजेरो स्पोर्टही गेली. फॉर्च्युनर आहे, पण त्या पैशात शेततळं, ठिबक आणि वर एक ट्रॅक्टर होतो. गुरखा मनापासून आवडली, पण घरच्यांना रोज वापरायला जड वाटली. चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीच्या वर, उंच गाडी म्हटलं की मी घेतली तेव्हा सेस धरून ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. डिसेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१६ दिल्लीत २००० सीसीवरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी बंद होती, पुढे २०२० मध्ये बीएस-सहा हे धुराचे कडक नियम आले. मोठं डिझेल इंजिन बनवणं आणि विकणं दोन्ही अवघड होत गेलं.

शेवटी महिंद्राची स्कॉर्पिओ-एन घेतली. २.२ लिटर डिझेल, सहा गिअरची मॅन्युअल, फोर बाय फोर, ३७० न्यूटन-मीटर. कागदावरच्या आकड्यापेक्षा मला महत्त्वाची होती ती खालची शिडीसारखी चेसिस आणि फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर.

पहिला हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा जोड, एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला आणि तिथेच फसलो. तिसऱ्या फेरीला उमरेडला चहाला थांबलो. सवयीने वाकून हिचखाली हात फिरवला, तर बोटाला काहीतरी टोचलं. मोबाईलचा उजेड टाकला. जोडाच्या कडेने रंग तडकला होता आणि त्यातून केसाएवढी तांबूस रेघ वर चढली होती. वेल्डिंग फाटत होतं. त्याने हिच चेसिसला न धरता बंपरच्या पट्टीला धरला होता. ट्रेलर तिथेच सोडला, ट्रॅक्टर बोलावला. सोबतचा गडी म्हणाला, "भाऊ, हे काम टॅक्टरचं आहे, या गाडीचं नोहे." त्या क्षणी मलाही ते पटलं होतं.

दुसरा हिच ट्रकच्या बॉडीचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी केला. चेसिसच्या दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या, हायटेन्साइल बोल्ट, मध्ये चौकोनी पाइप, त्यावर ५० मिलिमीटरचा बॉल. शिवाय दोन सेफ्टी चेन, एकमेकींवरून फुलीसारख्या. ट्रेलरच्या लाइटची वायर थेट मागच्या दिव्यातून ओढू नका, वेगळ्या रिलेवर घ्या. आजच्या गाड्यांच्या वायरिंगशी खेळणं परवडत नाही.

धरमकाट्यावर ट्रेलर आणि जनरेटर मिळून १२४० किलो भरले. सुरुवातीला साठच्या पुढे ट्रेलर शेपटी हलवायचा. शेजारून ट्रक गेला की स्टिअरिंग हातात सैल व्हायचं. पोती मोजायचा काटा हिचच्या टोकाखाली ठेवला तर भार जेमतेम ४० किलो. जनरेटर ॲक्सलच्या मागे बसला होता. तो सहा इंच पुढे सरकवला, टोकावरचा भार ११० किलोच्या आसपास आला आणि शेपटी थांबली. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग टोकावर हवा, एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मे अपघात टळतील असं मला वाटतं. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे, गाडी थांबायला लागली की तो मागून दाबाने आपोआप लागतो. हजार-बाराशे किलो नुसत्या गाडीच्या ब्रेकवर सोडू नये.

इंजिनबद्दल तक्रार नाही. उमरेड रोडला पाचव्या गिअरमध्ये सत्तरने निवांत चालते. मे महिन्यात, पारा ४५ वर, एसी चालू ठेवूनही टेम्परेचर वर गेलं नाही. ट्रेलरशिवाय तेरा-चौदा देते, ट्रेलर लावला की साडेआठ-नऊ. गावात हळूहळू फेऱ्या मारल्या की डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचते, म्हणून आठवड्यातून एकदा रिकामी गाडी वर्धा रोडला मोकळी पळवून आणतो. क्लचला मात्र मी सुरुवातीला त्रास दिला. बांधावर ट्रेलर रिव्हर्स घेताना अर्ध्या क्लचवर खेळत राहिलो, जळका वास आला. आता रिव्हर्सला सरळ फोर-लो लावतो, क्लच पूर्ण सोडतो, गाडी मुंगीच्या पावलाने मागे जाते.

फोर-लोचं खरं मोल जूनमध्ये कळलं. भिवापूरची काळी माती पहिल्या दोन पावसांत लोण्यासारखी होते. पांदणीत ट्रेलरची चाकं रिमपर्यंत बुडाली होती. दुसरा गिअर, फोर-लो, ॲक्सिलरेटरला बोट लावल्यासारखा पाय. टायरला माती गच्च चिकटून ते गुळगुळीत गोल झाले होते, तरी इंच इंच करत बाहेर निघाली. तोच गडी मागे चिखलात उभा होता, काही बोलला नाही, पुढे येऊन फाटक उघडलं.

आता मला सलते ती गोष्ट. हीच गाडी ऑस्ट्रेलियात विकली जाते, तिथे ब्रेक असलेला २५०० किलोचा ट्रेलर ओढायची अधिकृत क्षमता सांगितलेली आहे. इथे गाडी शोधताना मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या शोरूममध्ये एकच विचारलं, किती ओढेल? एकाही ठिकाणी आकडा मिळाला नाही. एकाने तर विचारलं, "तुम्हाला नेमकं ओढायचंय काय?" गाड्या कमी झाल्या हे दुखणं आहेच. पण ज्या उरल्या आहेत, त्यांतल्या मी पाहिलेल्या गाड्यांना कारखान्याचा हिच नाही, आकडा नाही, वॉरंटीत स्पष्ट शब्द नाही. म्हणून आपल्याकडचा माणूस बंपरला पट्टी वेल्ड करून घेतो आणि ती उमरेडला फाटते. इंजिनात दम आहे, चेसिस आहे, गिअर आहे. कंपन्यांनी इथल्या शेतकऱ्याला तो आकडा सांगावा, एवढीच मागणी आहे.

सध्या गाडी १९ हजार किलोमीटर झाली, त्यातले अंदाजे सहा हजार ट्रेलरसह. मागचे स्प्रिंग थोडे बसल्यासारखे वाटतात, पुढच्या सर्व्हिसला तपासून घेणार. हिचचे बोल्ट दर पंधरा दिवसांनी टॉर्क पान्याने बघतो. नरखेडच्या एका शेतकरीदादांना त्याची मापं हवी होती. परवा कागदावर काढून, बोल्टच्या भोकांची अंतरं लिहून पाठवली, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: बंपरला नाही, चेसिसला.