ट्रेलरच्या भिंतीला प्लाय किती जाड हवा: १२, १८ की मध्ये फोम?

घरी कॅम्पिंग ट्रेलर बांधणाऱ्याला पातळ प्लाय घेतला तर भिंत थरथरेल याची धास्ती असते आणि जाड घेतला तर गाडीला ओढवेल का याची. पण जाडी ठरवण्याआधी हे ठरवा, की भिंतीत लाकडी सांगाडा असणार की प्लाय एकटाच भार घेणार.

सांगाडा नको असेल तर ६ मिमी बाद आणि ९ मिमी माझ्या मते अपुरा. निवड उरते १२ आणि १८ मध्ये. घनमीटरला ६०० किलो वजन धरलं, तर आठ बाय चार फुटांची १२ मिमी शीट साधारण २१ किलोची होते, १८ मिमीची ३२. दोन बाजूंना एकेक शीट लागली तर कापण्याआधीच २२ किलोंचा फरक. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून १८ मिमी शीट १२च्या तिपटीहून जास्त ताठ असते. पण बसक्या, दोघांपुरत्या ट्रेलरला एवढा ताठपणा लागतच नाही. तळ, छत आणि आतली कपाटंच भिंतीला आवळून धरतात. १८चा खरा फायदा कडेला आहे, तिथे स्क्रू नीट धरतो. १२च्या कडेत स्क्रू मारला की थर सुटतात. यावर उपाय सोपा आहे: कडेने आतून लाकडी पट्टी चिकटवा आणि छताचे, बिजागऱ्यांचे स्क्रू तिच्यात घ्या. एवढं केलंत तर १८ची गरज मला दिसत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे बाहेरून ६ मिमी प्लाय, मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि २५ मिमी फोम (गादीचा मऊ नव्हे, उष्णता अडवणारा कडक), आतून ३ मिमी प्लाय. ही भिंत खूप हलकी होईल असं वाटतं, पण बेरीज करून पाहा. एका शीटएवढ्या भिंतीला दोन्ही प्लाय मिळून १६ किलो, वर पट्ट्या, फोम आणि गोंद. म्हणजे पुन्हा १२ मिमीच्याच आसपास! मिळते ती ऊब. चांगला फोम उष्णता प्लायच्या साधारण चौथा हिस्सा वाहू देतो, म्हणजे २५ मिमी फोम १०० मिमी प्लायच्या तोडीचा. थंड रात्री दोघांच्या श्वासाने नुसत्या प्लायची भिंत आतून ओली होते, हे दुखणं इथे बरंच कमी होतं. मात्र फोम दोन्ही बाजूंनी पूर्ण चिकटवायला हवा, तरच भिंत ताठ होते. शिवाय दार, खिडकी, दिवा, फळी कुठे येणार ते आधी आखून तिथे लाकूड ठेवावं लागतं. विसरलात तर स्क्रूखाली फोमच येतो.

बाहेरचा थर ९ मिमी केलात तर शीटमागे ५ किलो वाढतात. झाडीतल्या वाटांवर फांद्या लागणार असतील तरच ते पटतं.

ओलीपुढे मात्र १८ मिमीही ६ इतकाच हतबल. जलरोधक गोंदाचाच प्लाय घ्या आणि प्रत्येक कापलेली कड, स्क्रूचं भोकसुद्धा, इपॉक्सीने (दोन द्रव मिसळून कडक होणारी राळ) बंद करा.

मी बसक्या ट्रेलरला, सौम्य हवेसाठी, पट्टी लावलेला १२ घेईन. उभं राहण्याइतका उंच किंवा थंडीत वापरायचा असेल तर फोमची भिंत. घेण्याआधी शीट वजनकाट्यावर ठेवून पाहा, कारण लाकूड बदललं की त्याच जाडीचं वजन कितीतरी किलोंनी बदलतं.