तंबोऱ्याच्या कसोटीवर इअरफोन : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

मी ऐकते ते बहुतेक ख्याल. त्यातली निम्म्याहून जास्त ध्वनिमुद्रणं खासगी बैठकींची आहेत, मामांनी कॅसेटवर केलेली आणि नंतर संगणकावर उतरवून घेतलेली. ऐकायला मायक्रो एसडी कार्डाचा छोटा प्लेअर आहे, साडेतीन मिलिमीटरच्या जॅकचा. त्याच्यासाठी दिवाळीत मूनड्रॉप कंपनीचे चू २ हे वायरचे इअरफोन घेतले आणि तेव्हापासून तेच रोज कानात आहेत. पुण्यात सहकारनगरहून स्वारगेट, तिथून मेट्रोने पिंपरी, संध्याकाळी तसंच परत. रविवारी सकाळी तळजाई टेकडी.

इअरफोनची बहुतेक परीक्षणं पॉप किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकून केलेली असतात. "बास दमदार", "ट्रेबल खुलं" हे वाचून आपल्या गाण्याचं काय होणार, याचा अंदाज येत नाही. म्हणून मी निवड करताना एकच कसोटी धरली : तंबोरा.

पुरुष गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गात असेल तर तंबोऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्‌झवर असतात, पंचम १०४ वर आणि खर्ज ६९ वर. हे झाले मूळ स्वर. खरी गंमत त्यांच्या वर आहे. जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या माथ्यामुळे, तार घोडीला हलकेच घासत राहते आणि एका तारेतून कितीतरी वरचे स्वर उमलतात, थेट काही हजार हर्ट्‌झपर्यंत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला, त्यात या घोडीचाच विचार आहे : एरवी तार जिथे छेडली तिथे ज्यांचा स्थिर (न हलणारा) बिंदू येतो ते उपस्वर, म्हणजे मूळ स्वरावरचे स्वर, वाजायला नकोत, पण तंबोऱ्यात तेही वाजतात. म्हणजे खर्जापासून झंकारापर्यंतचा सगळा पट एकाच वाद्यात, तोही सतत चालू. इअरफोन पारखायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. गायकाने षड्ज लावण्याआधीचं ते अर्धं-एक मिनिट लावायचं आणि ऐकायचं : चारही तारा वेगळ्या कळतात का? खर्ज नुसता "आहे" असं वाटतं, की त्याची तार ऐकू येते? आणि झंकार गोड आहे, की कानात टोचतो?

चू २ या कसोटीला उतरले. आत १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर) आहे, १८ ओहम रोधाचा. खर्ज भरीव लागतो आणि तरी पंचमावर चढून बसत नाही. डग्ग्याची मींड, तो तळहाताने दाबून वर नेलेला घुमारा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐकू येतो. गायकाचा आवाजही समोरून येतो, आणि त्यामागे एक कारण आहे. आपली कानाची नळी उघडी असते तेव्हा ती स्वतःच तीन हजार हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज वाढवते. इअरफोन घातला की नळी बंद होते आणि ही वाढ जाते, म्हणून ती इअरफोनलाच भरून द्यावी लागते. जे कमी देतात त्यांच्यात गायक पडद्याआडून गातोय असं वाटतं. चू २ मध्ये गायकाचा 'आ'कार स्वच्छ येतो, बोलआलापातले शब्द कळतात. याच्या वर, सहा ते आठ हजारांच्या पट्ट्यात, काही इअरफोन मुद्दाम चमक वाढवतात. नव्या ध्वनिमुद्रणांना ती शोभतही असेल, पण कॅसेटची सळसळ नेमकी तिथे जाणवते. मामांच्या टेप ऐकताना तेवढीच गोष्ट मला नको होती.

भाच्याकडे पाच ड्रायव्हरची, चौपट किमतीची जोडी आहे. ती मी काही आठवडे वापरली. त्याच्या लॅपटॉपला जोडलेल्या डोंगलवर (इअरफोन लावायच्या छोट्या उपकरणावर) सुरेख वाजते, माझ्या प्लेअरवर मात्र आवाज पातळ आणि खर्ज मागे. दोष पुरता त्या जोडीचा नाही. माझ्या प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा विद्युत रोध, तीन ओहमच्या आसपास आहे. अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनचा रोध प्रत्येक पट्टीला वेगळा असतो. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा एक हजार हर्ट्‌झवरचा. समजा तो एका ठिकाणी ६ ओहमपर्यंत उतरतो आणि दुसऱ्या ठिकाणी ४० वर जातो. तीन ओहमच्या प्लेअरवर पहिल्या ठिकाणी साडेतीन डेसिबल गळतात, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम अर्धा-पाऊण. म्हणजे जवळजवळ तीन डेसिबलचा फरक, कुणी न मागता, सुरांच्या तोलात पडला. एका डायनॅमिक ड्रायव्हरचा रोध बराचसा सपाट असतो, त्यामुळे असा प्लेअर त्याचं फारसं बिघडवत नाही. प्लेअर जुना असेल किंवा त्याचा आउटपुट इम्पीडन्स कुठे छापलेला नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे : एक ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर मोजून पैसे देऊ नका.

दुसरी एक मेख सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे ठराविक विजेला आवाज किती मोठा येतो त्याच्या, आकड्यात असते. काही कंपन्या तो एका व्होल्टला देतात, काही एका मिलिवॅटला, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली की घोटाळा होतो. चू २ चा आकडा व्होल्टला ११९ डेसिबल आहे. १८ ओहमवर तोच मिलिवॅटला साधारण १०२ होतो. छोट्या प्लेअरला एवढा पुष्कळ झाला. माझा आवाज अर्ध्यावरही जात नाही. फार जास्त सेन्सिटिव्ह जोडी घेतली तर उलट प्लेअरचीच सूं सूं ऐकू येते, आणि विलंबितातल्या शांत जागांत ती फार त्रास देते.

आता टिप्स, म्हणजे इअरफोनच्या टोकावरच्या, कानात जाणाऱ्या मऊ टोप्या. यावर सगळ्यात जास्त लिहायला हवं, कारण घरात ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांतल्या बहुतेकांची तक्रार ("बास नाही") दोन मिनिटांत टिप बदलून मिटली. टिपेभोवती केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर तिथून निसटतात. वरचे जात नाहीत, त्यामुळे आवाज कर्कश वाटतो आणि दोष इअरफोनवर येतो. खोक्यात तीन मापांच्या सिलिकॉन टिप्स मिळतात. माझ्या डाव्या कानाला मधली बसते, उजव्याला लहान. दोन्ही कान सारखे असतील असं धरून चालू नये. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, टिप आत सरकवायची, मग सोडायचं. नीट बसली की स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. घुमत नसेल तर एक माप मोठं घ्या. जबडा हलवला की सुटत असेल तर फोमची (स्पंजासारखी) टिप वापरून बघा : बोटांनी चेपायचा, आत घालायचा, अर्धा मिनिट धरून ठेवायचा, तो फुगून कानाच्या आकाराचा होतो.

फोमची खरी गरज मला मेट्रोत कळली. शिवाजीनगर ते स्वारगेट हा टप्पा भुयारी आहे आणि बोगद्यात गाडीची घरघर खालच्या पट्टीत भरून राहते. अशा बंद इअरफोनने बाहेरचे वरचे आवाज चांगले अडतात, खालचे तितके नाही. म्हणजे माणसांचं बोलणं थांबतं, गाडी थांबत नाही, आणि डग्गा तिच्यात बुडतो. फोमने ही घरघर बरीच उतरली. तरी विलंबित ख्याल मी बोगद्यात ऐकतच नाही. तिथे द्रुत, तराणा, किंवा गायिकांची ध्वनिमुद्रणं लावते. त्यांची पट्टी वरची असते, बरंच काही शाबूत राहतं. फोमचा तोटा म्हणजे तो टिकत नाही. घाम आणि तेलाने काही महिन्यांत कडक होतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर त्याआधीच.

घरघरीवर मात करायला आवाज वाढवणं हा उपाय नव्हे, हे कळकळीने सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८६ वर गेलात तर १० तासच उरतात. नीट बसलेली टिप बाहेरचा गोंगाट कमी करते, म्हणूनच कमी आवाजात भागतं. माझ्या दृष्टीने कानात घट्ट बसणारे इअरफोन घेण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

पावसाळ्यात दोन गोष्टी पाळते. घरी आल्यावर टिप्स काढून कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि इअरफोन डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवायचे. इअरफोनच्या नळीच्या तोंडावरच्या जाळीत मळ किंवा ओल अडकली की एका कानाचा आवाज उतरतो, आणि माणूस ड्रायव्हर गेला असं समजून बसतो. शिवाय दमट हवेत बंद कानाला बुरशीचा संसर्ग लवकर होतो. कान खाजू लागला की इअरफोन बाजूला ठेवावेत आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. टिप्स कुणाला वापरायला देऊ नयेत, घरच्यांनाही नाही. ऐकवायचं तर त्यांच्या टिप्स वेगळ्या.

तळजाईवर चालताना मात्र ही जोडी मला आवडत नाही. कान बंद असल्याने प्रत्येक पाऊल डोक्यात आदळतं. वायर कानामागून घेतली की तिची घासाघीस थांबते, पावलांची थांबत नाही. तिथे मी एकच कान लावते, नाहीतर पक्षी ऐकते. दुचाकीवर इअरफोन मुळीच नाहीत.

विकत घेण्याबद्दल : पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, वायर, जॅक, कन्व्हर्टर सगळं मिळतं, पण कानात घालून पाहू देणं दुकानदाराला शक्य नसतं, आणि ते समजण्यासारखं आहे. ऑनलाइन घेणार असाल तर उघडलेला माल परत घेतात का, ते आधी वाचा. कानात जाणारी वस्तू म्हणून बरेच जण घेत नाहीत. ओळखीत कुणाकडे असेल तर स्वतःच्या टिप्स घेऊन जा, आपल्या प्लेअरवर ऐका, आणि आपलंच ध्वनिमुद्रण लावा. वायर सुटी होणारी असावी. चू २ ला ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांची जोडणी आहे, त्या मापाची वायर सहज मिळते आणि एक जादा मी दप्तरात ठेवलेली आहे. लावताना पिना सरळ धरून दाबायच्या, काढताना वायरीला न ओढता जोडणीलाच धरायचं.