जातिलुविहमधला होमस्टे: तीन रात्री, लाल भात आणि पाटाचं पाणी

बडोद्याहून आम्ही दोघं बालीला गेलो, ते समुद्रासाठी नाही. जातिलुविह गावात एका शेतकऱ्याच्या घरी तीन रात्री राहिलो. खोली साधी, गादी कडक, स्वच्छता उत्तम. बडोद्याच्या एजंटने ‘शाकाहारी सोय आहे’ सांगून जास्तीचे पैसे घेतले आणि त्या घरी कळवलंच नाही. पहिल्या रात्री भात-केळ्यांवर भागवलं. याचा मला खरंच राग आला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र घरातल्या आजींनी टेंपे तळून वाढलं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. सोबत त्यांच्याच शेतातला लाल भात. चावून खावा लागतो, पण काय चव!

माझं बालपण बडोद्याजवळच्या पादरा गावात, शेतात, पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ भांडताना बघण्यात गेलं. म्हणून ‘सुबक’ बघून मी भारावलो. ही शेतकऱ्यांची पाणीवाटपाची पद्धत हजारएक वर्षं जुनी; युनेस्कोने २०१२ मध्ये तिला जागतिक वारशात घेतलं. लावणी कधी, पाणी कोणाला किती, हे सगळे मिळून जलमंदिराच्या साक्षीने ठरवतात. आसपासची शेतं एकदम कापून पडीक ठेवली की किडीला खायला उरत नाही.

यजमानांचा मुलगा हॉटेलात नोकरीला. शेतात हे एकटेच. पहाटे त्यांच्यामागे बांधावरून गेलो. पाटात आडवं लाकूड, त्याला दोन खाचा, पाण्याचे दोन वाटे. शेजाऱ्याच्या खाचेत पान अडकलं होतं. त्यांनी वाकून ते आधी काढलं, मग आपली खाच बघितली.