कमिन्स ५.९ चा ऑइल कूलर: मूळ एलिमेंट घ्यावं, नक्कल का नको, आणि बसवताना काय चुकतं

कमिन्सच्या बी सिरीजचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, म्हणजे १२ व्हॉल्व्हचं ६बीटी, याचा ऑइल कूलर (इंजिनातलं तेल पाण्याने थंड करणारा भाग) बदलायची वेळ आली की तीन पर्याय समोर येतात: मूळ कंपनीचं नुसतं एलिमेंट, म्हणजे कूलरचा आतला प्लेटांचा भाग, कव्हरसकट पूर्ण असेंब्ली, आणि नक्कल. माझा कौल पहिल्याला आहे: मूळ एलिमेंट आणि त्याबरोबर मूळ कंपनीचेच दोन गॅस्केट. पूर्ण असेंब्ली फक्त कव्हरला तडा असेल किंवा त्याची गॅस्केटची बाजू गंजाने खड्डे पडून खराब झाली असेल तरच घ्यावी. नकली कूलर तर या इंजिनाला बसवूच नये. कारण समजायला तेल इंजिनात कोणत्या वाटेने फिरतं ते आधी बघावं लागेल.

पंपाने चेंबरमधून (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातून) उचललेलं तेल, दाब हद्दीत ठेवणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरपाशी येतं, तिथून कूलरमध्ये, कूलरमधून फिल्टरमध्ये, आणि मगच मेन गॅलरीला (ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेला) व टर्बोला मिळतं. मध्ये दुसरी वाट नाही. फिल्टर चोंदला तर त्याला वळसा घालून तेल सोडणारा बायपास व्हॉल्व्ह आहे. कूलर चोंदला तर काहीच नाही. क्रँकच्या बेअरिंगला जाणारा तेलाचा प्रत्येक थेंब या पत्र्याच्या डब्यातून जातो. पाण्याचा पंप किंवा डायनॅमो नकली लावला तर गाडी रस्त्यात उभी राहील, इतकंच. कूलरमध्ये ब्रेझिंगचा (प्लेटा जोडणाऱ्या तांब्याच्या डाखाचा) कण सुटला तर तो फिल्टरमध्ये अडकेलही, पण प्लेट फुटली तर पाणी थेट बेअरिंगपर्यंत जातं. कूलंटमधलं ग्लायकॉल बेअरिंगचा मऊ थर फार लवकर खातं.

एलिमेंट दिसायला साधं आहे. एक सपाट फ्लँज, तिच्या पाठीला एकमेकींवर रचून तांब्याने ब्रेझ केलेल्या प्लेटा. हा प्लेटांचा गठ्ठा ब्लॉकच्या पोकळीत पाण्यात बुडलेला असतो. प्लेटांच्या आतून तेल आणि बाहेरून पाणी. एलिमेंटवर कव्हर बसतं, आणि त्याच कव्हरला खाली फिल्टर, वर टर्बोची तेलाची नळी आणि आत प्रेशर रेग्युलेटर. म्हणजे ब्लॉक, गॅस्केट, एलिमेंट, गॅस्केट, कव्हर असा क्रम. दोन्ही गॅस्केटची भोकं वेगळी असतात. घाईत अदलाबदल झाली तर बोल्ट बसतात, पण काही वाट बंद होते किंवा काही उघडी राहते. हातात धरून दोन्ही एकदा एलिमेंटवर ठेवून पाहिले की प्रश्न मिटतो.

मूळ एलिमेंटमध्ये काय चांगलं आहे ते हातात घेतल्यावरच कळतं. फ्लँजवर स्टीलची सरळपट्टी उभी धरून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) सरकवावा. मूळ एलिमेंटमध्ये पातळ पानही सहसा शिरत नाही, नकलीत मध्यभागी किंवा कोपऱ्यात शिरतं. प्लेटांच्या कडांवर ब्रेझिंगची अखंड, सारख्या जाडीची रेघ दिसते. नकलीत कुठे तांबं ओघळून गाठ झालेली असते, कुठे कोरडी कड राहिलेली असते. तेलाच्या पोर्टमध्ये (तेल आत-बाहेर जायच्या तोंडात) टॉर्चने पाहिलं तर तिथेही ओघळ दिसतो, आणि तो ओघळ पुढे सुटून येणारच. प्लेटांच्या आत तेल खेळवणारे नालीदार पत्रे असतात. उष्णता त्यांच्यामुळे निघते. नकली कूलरमध्ये हे पत्रे विरळ असले तर बाहेरून कळत नाही. म्हणून जुनं एलिमेंट धुऊन कोरडं करून नव्याच्या शेजारी वजनकाट्यावर ठेवावं. नवं बरंच हलकं भरलं तर दुकानात परत द्यावं. प्लेटाही मोजाव्यात. इंजिनाच्या पॉवरप्रमाणे प्लेटांची संख्या बदलते, आणि कमी प्लेटांचा कूलर जास्त पॉवरच्या इंजिनाला सहज बसतो. बसतो म्हणून चालत नाही: चढावर भरलेल्या गाडीत तेल तापून पातळ होईल आणि गरम आयडलिंगला प्रेशर खाली येईल.

पुढचा मुद्दा मात्र मूळ एलिमेंटलाही लागू आहे, आणि या कामातली सर्वांत महागडी चूक तीच आहे. नव्या एलिमेंटच्या तेलाच्या दोन पोर्टमध्ये वाहतुकीसाठी प्लास्टिकची बुचं लावलेली असतात. ती काढायचीच. गॅस्केट आणि कव्हर वर आलं की ती दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. इंजिन सुरू होतं, आवाज ठीक येतो, पण तेल कूलरच्या पुढे जातच नाही आणि गेजचा काटा जागचा हलत नाही. ‘गेज खराब असेल’ म्हणून रेस केली की टर्बोची बेअरिंग आधी, क्रँकची मागोमाग जातात. बुचं काढल्यावर ती टूलबॉक्सवर समोर ठेवावीत आणि कव्हर चढवायच्या क्षणी दोन्ही दिसताहेत का पाहावं. एक दिसत नसेल तर कव्हर परत उतरवावं.

आता कूलरच खराब आहे हे कसं ओळखायचं. चालू इंजिनात तेलाचं प्रेशर कूलंटच्या दाबापेक्षा खूप जास्त असतं. आयडलला किमान १० पीएसआय (दाबाचं एकक), पूर्ण वेगावर किमान ३० पीएसआय ही त्याची खालची हद्द आहे, रेग्युलेटर साधारण ६५ च्या आसपास उघडतो. रेडिएटरचा कॅप मात्र साधारण १५ चा. म्हणून प्लेट फुटली की आधी तेल पाण्यात येतं. पाण्याच्या टाकीत तपकिरी, सायीसारखा चिकट थर दिसतो. इंजिन बंद झालं की चित्र उलटतं: तेलाचं प्रेशर शून्य, गरम पाण्यात दाब अजून शिल्लक. त्या वेळी पाणी तेलात शिरतं. म्हणून फक्त डिपस्टिक पाहून ‘तेल चांगलं आहे, कूलर ठीक आहे’ म्हणणं धोक्याचं. टाकी आणि डिपस्टिक दोन्ही पाहाव्यात.

पण पाण्यात तेल दिसलं की कूलरच गेला असंही नाही. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, होज पाइप थंड इंजिनातही लगेच टणक होत असतील, तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा बघावा. एअर ब्रेकच्या गाडीत आणखी एक जागा असते: एअर कॉम्प्रेसरचं हेडही याच पाण्यावर थंड होतं, त्याचं गॅस्केट फुटलं तरी रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि सगळे हेडवर संशय घेतात. बुडबुडे नाहीत आणि पाण्यातलं तेल मात्र वाढत चाललंय, तेव्हा कूलरचं नाव पहिलं.

खात्री एलिमेंट बाहेर काढल्यावर करता येते. पोर्ट बंद करून ७० पीएसआयच्या आसपास हवा भरायची आणि एलिमेंट गरम पाण्यात बुडवायचं. थंड पाण्यात गप्प बसणारी बारीक चीर गरम पाण्यात बुडबुडे सोडते. काही वेळ पाहत राहावं, लगेच निष्कर्ष नको. नवं एलिमेंटही बसवण्याआधी याच पद्धतीने तपासायला हरकत नाही. नंतर सगळं उघडायला लागण्यापेक्षा ही दहा मिनिटं बरी.

काढण्याचं काम अवघड नाही, पण ओलं आहे. आधी रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हीकडून पाणी काढावं. तेल आणि फिल्टर काढावा. टर्बोची तेलाची नळी कव्हरवरून सोडून तिचं तोंड झाकावं. तिथे एक चिमूट घाण गेली तर टर्बोच्या बेअरिंगला पुरते. कव्हर सुटताना पोकळीत उरलेलं पाणी बाहेर येतं, आणि ब्लॉकवर तेलाच्या वाटांची तोंडं तिथेच असतात. त्यांत चिंध्या कोंबू नयेत, धागा राहतो. धागा न सुटणाऱ्या कापडाने तोंडं झाकून मग गॅस्केट खरवडावा. एमरी लावलेला फिरता पॅड इथे बिलकुल नको. त्याची भुकटी तेलाच्या वाटेत जाते. प्लास्टिकचा किंवा बोथट स्क्रॅपर पुरतो, वेळ थोडा जास्त जातो इतकंच.

कव्हर टेबलावर आलं की रेग्युलेटरचा प्लग उघडून प्लंजर (आतला सरकता दट्ट्या) आणि स्प्रिंग बाहेर काढावी. प्लंजर तेल लावून आपल्या वजनाने खाली घसरला पाहिजे. अडकत असेल तर बोअरमध्ये चर आहे का पाहावं. आधी बेअरिंग गेलेल्या इंजिनात इथे हमखास चमकणारा चुरा सापडतो. आणि तसं असेल तर जुनं एलिमेंट धुऊन परत बसवायचा विचार सोडून द्यावा. प्लेटांच्या आतला तो चुरा डिझेलने, हवेने, कशानेही पूर्ण निघत नाही. नव्या बेअरिंगला तोच खातो. इंजिन बांधल्यावर पंधरा दिवसांत परत जाम झालं, अशा बऱ्याच प्रकरणांमागे जुना कूलर असतो. इंजिनाच्या इतक्या खर्चात कूलरचे पैसे वाचवू नयेत.

बसवताना गॅस्केट कोरडे लावावेत. सिलिकॉन लावायचा मोह बऱ्याच मिस्त्रींना होतो; दाबल्यावर तो आत निघतो, वाळून तुकडा सुटतो आणि तेलाबरोबर फिरत राहतो. सरफेस साफ आणि सपाट असेल तर सिलिकॉनची गरजच नाही, आणि नसेल तर सिलिकॉन ते झाकतो, बरं करत नाही. कव्हरचे बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून बाहेर जात दोन फेऱ्यांत २४ न्यूटन-मीटरला. टॉर्क पाना घ्यावा. हातच्या अंदाजाने आवळलेल्या कव्हरला कोपऱ्यात ताण येतो आणि तेलाची बारीक ओल काही दिवसांनी दिसते.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे: तेल भरायच्या आधी पाणी भरावं. चेंबरचा तेल काढायचा बोल्ट उघडाच ठेवावा. सावकाश, हवा निघू देत पाणी भरलं की रेडिएटरला हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा आणि चेंबरखाली कोरडा ट्रे ठेवावा. अर्धा तास काटा स्थिर राहिला आणि ट्रे कोरडा राहिला तर आत पाणी जात नाही. थेंब पडला तर नवं तेल वाया गेलं नाही, आणि बेअरिंगपर्यंतही काही पोहोचलं नाही.

मग तेल. फिल्टर चांगल्या तेलाने भरून, त्याच्या रबरावर तेलाचा हात फिरवून लावावा. रबर टेकल्यावर आणखी पाऊण वळसा. टर्बोच्या नळीतून ५०-६० मिली तेल आत सोडावं. इंधन बंद ठेवून स्टार्टर मारावा, एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त नाही, दोन वेळांमध्ये २ मिनिटं थांबून, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. दिसल्यावर इंधन उघडावं. सुरू झाल्यावर १५ सेकंदांत प्रेशर आलं नाही तर इंजिन बंद. त्या क्षणी प्लास्टिकच्या बुचांची आठवण येत असेल तर कव्हर उघडाच.

८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून कव्हरची कड, रेग्युलेटरचा प्लग आणि टर्बोची नळी कागदी टिशूने टिपून पाहावी. टॉर्चने चमक दिसते, पण ओल कोणत्या जागेची ते टिशूवरचा डागच सांगतो.

पाण्याची सफाई मात्र लोक उरकून टाकतात. तेल मिसळलेलं पाणी नुसतं काढून नवं भरलं तर दोन दिवसांत टाकीत पुन्हा साय दिसते आणि नव्या कूलरवर आळ येतो. ते रेडिएटर आणि हीटरच्या नळ्यांत चिकटून राहिलेलं जुनं तेल असतं. फ्लीटगार्डचं रिस्टोर हे क्षारीय क्लीनर याच कामासाठी आहे, तेल आणि चिकट गाळ काढायला. रिस्टोर प्लस वेगळं, ते गंज आणि क्षारांसाठी. डबे सारखे दिसतात, म्हणून नाव नीट वाचून घ्यावं. डब्यावरच्या प्रमाणात भरून, इंजिन थर्मोस्टॅट उघडेल इतकं तापवून, हीटर चालू ठेवून फिरवावं, मग साध्या पाण्याने धुवावं आणि निथळ स्वच्छ येईपर्यंत पुन्हा धुवावं. शेवटी कूलंट आणि शुद्ध पाणी अर्धं-अर्धं. नळाचं पाणी नको. त्यातले क्षार सर्वांत गरम प्लेटेवर आधी बसतात, आणि तेल थंड करण्याचं कूलरचं काम तिथेच मंदावतं.

होज पाइप दाबून पाहावेत. तेल प्यायलेलं रबर मऊ, फुगलेलं आणि बोटाला चिकट लागतं. तसे पाइप आणि थर्मोस्टॅटचा रबर सील याच वेळी बदलावेत. ते एलिमेंटच्या पेटीत मिळत नाहीत आणि बिलातही विसरले जातात. तेलात पाणी गेलं असेल तर पहिलं तेल व फिल्टर थोड्या फेऱ्यांनंतर पुन्हा बदलावा. डिपस्टिकवर दूधट रंग बराच काळ राहिला असेल तर चेंबर उतरवून निदान एक मेन आणि एक बिग एंड बेअरिंग उघडून पाहावं.

२४ व्हॉल्व्हच्या आयएसबीचा (याच ५.९ च्या पुढच्या आवृत्तीचा) कूलर याच बांधणीचा असला तरी एलिमेंट आणि गॅस्केट मागताना इंजिनाचा सिरीयल नंबर द्यावा. काउंटरवरचा माणूस नुसतं ‘५.९ चा’ म्हणून देत असेल तर जुना गॅस्केट सोबत न्यावा आणि भोकं एकमेकांवर धरून जुळवून घ्यावीत.