रिकाम्या मापांचे विराम: सुटे की एकत्र?

मांडो या गोव्यातील कोंकणी गीतप्रकाराच्या साथीसाठी पाश्चात्त्य स्वरलिपीत व्हायोलिनच्या प्रती (वादकाने वाचायचे कागद) लिहिणाऱ्या मडगावच्या एका स्नेह्याला प्रश्न पडला होता की, वादकाला १६ मापे (तालाचे उभ्या रेघांनी विभागलेले ठरावीक भाग) थांबायचे असेल तर प्रत्येक मापात पाच रेषांपैकी खालून चौथ्या रेषेला लटकणारा पूर्ण विराम (न वाजवण्याची खूण; मापात सहा मात्रा असलेल्या ६/४ तालातही तोच चालतो) लिहावा, की एकच जाड आडवी रेघ ओढून वर १६ हा आकडा द्यावा. जागेच्या हिशेबात रेघ निःसंशय सरस आहे. मोजणीत मात्र ती तेव्हाच भरवशाची ठरते, जेव्हा लय बदलते किंवा तालमीचे खूणअक्षर (तालमीत कुठून सुरू करायचे ते सांगणारे अक्षर) येते तेथे ती तोडली जाते आणि प्रवेशाआधी गायकाची ओळ लहान आकाराच्या स्वरचिन्हांत दाखवली जाते. हे कष्ट काही लिहिणारे टाळतात. सगळ्यांच्या ओळी एकत्र असलेल्या संचालकाच्या संपूर्ण प्रतीत आणि नवशिक्यांसाठी सुटे विराम योग्य, तर सरावलेल्या वादकाच्या प्रतीत रेघ.