जिओजेब्रा : दहावीच्या भूमितीसाठी वापरावे का?

दहावीच्या मुलांना भूमिती शिकवताना गेली काही वर्षे मी जिओजेब्रा हे पडद्यावर आकृत्या काढून त्या हलवून पाहण्याचे सॉफ्टवेअर नियमित वापरतो आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये त्याचे काम सुरू केले. शिक्षक-विद्यार्थ्यांना ते विनामूल्य मिळते आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालते.

त्याचे सामर्थ्य वर्तुळाच्या प्रकरणात कळते. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात, हे प्रमेय मुले घडाघडा म्हणतात. पण फळ्यावरची आकृती एकच असते आणि ती जागची हलत नाही. जिओजेब्रात वर्तुळावर ए, बी, सी हे बिंदू घेऊन सी जवळचा कोन मोजला आणि सी हा बिंदू कंसावरून सरकवत नेला, की कोनाच्या भुजा लांब-आखूड होत राहतात, ४०° हा आकडा मात्र तसाच राहतो. सी हा बिंदू ए ला ओलांडून पलीकडच्या कंसावर गेला की तेथे १४०° दिसतात. (कोनाची सेटिंग ०° ते ३६०° अशी असेल तर प्रविशाल म्हणजे १८०° हून मोठा कोन मोजला जाऊन २२०° दिसतात आणि मुले गोंधळतात, म्हणून ती आधी ०° ते १८०° करून घ्यावी.) "सर, बरोबर १४०च का?" हा प्रश्न माझ्या वर्गात पहिल्यांदा उमटला तो या पडद्यासमोर, आणि चक्रीय चौकोनाचे प्रमेय (चारही शिरोबिंदू वर्तुळावर असतील तर समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८०°) त्या दिवशी मला वेगळे शिकवावे लागले नाही.

तरीही पडद्यावर दिसले म्हणजे सिद्ध झाले, असे मुलांना वाटू लागते, आणि हा धोका मला फार गंभीर वाटतो. म्हणून आधी वहीत कंपासने आकृती, मग अंदाज, मग जिओजेब्रा आणि शेवटी पक्ष, साध्य, सिद्धता हा क्रम मी मोडू देत नाही.

आकडेमोडीसाठी मात्र ते वापरू नये. मूळ सेटिंगमध्ये लांबी दोनच दशांश स्थळांपर्यंत दिसत असल्याने √२ च्या जागी १.४१ येते आणि तेच उत्तर म्हणून वहीत उतरते. शिवाय बोर्डाच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा हाताने गुणाकार-भागाकार करण्याची सवय वर्षभर टिकलीच पाहिजे.

मोबाइलच्या लहान पडद्यावर बिंदू नेमका पकडता येत नाही. शक्य असेल तर लॅपटॉपवरच वापरावे.